दोनापावलाला बिऱ्हाड करताना

पुण्या-मुंबईहून, कोल्हापूरहून, अलीकडे नागपूरहूनही माणसे पणजीला राहायला येतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो दोनापावलाचाच. समुद्र दिसतो, रस्ते रुंद आहेत, झाडी आहे, शेजारी कुणी निवृत्त शास्त्रज्ञ तर कुणी खाणमालक. गोव्यातल्या सगळ्यात महागड्या वस्त्यांपैकी ही एक. इथे राहून जे कळले ते नव्याने येणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो, पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. दोनापावलाला राहायला येणे म्हणजे ताळगावात राहायला येणे. वरच्या पठारावर बंगले आहेत, खाली गाव आहे. तुमची भाजी, तुमचा पाव, तुमचा प्लंबर आणि तुमची पंचायत गावातूनच येणार. हे ज्यांनी ओळखले ते इथे रमले. ज्यांनी फक्त समुद्र पाहिला ते दोन पावसाळ्यांत घर सोडून गेले.

पहिले काम: वस्ती निवडा, इमारत नंतर

बाहेरची माणसे मिरामारपासून काबोच्या टोकापर्यंतच्या सगळ्या पट्ट्याला दोनापावला म्हणतात. प्रत्यक्षात इथे चार-पाच वेगळ्या वस्त्या आहेत आणि त्यांचे स्वभावही वेगळे आहेत.

मिरामार आणि टोंक शहराला लागून आहे. भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी, धेंपे कॉलेज, शारदा मंदिर शाळा, सगळे चालण्याच्या अंतरावर. वय झालेल्या आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांना मी हाच भाग सुचवतो, कारण इथे गाडीवाचून दिवस निघतो. जमीन सखल आहे, म्हणून तळमजला घेण्याआधी जुलैत अंगणात पाणी किती चढते ते शेजाऱ्यांना विचारा. घरमालकाचे उत्तर या बाबतीत पुरेसे नाही.

करंजाळे मधला भाग. मध्यमवर्गीय इमारती, दुकाने, बँका, सुरूच्या झाडांमागे किनारा. भाडे दोनापावलापेक्षा हलके आणि सोय जास्त.

खुद्द दोनापावला पणजीच्या बसस्थानकापासून सुमारे 7 किलोमीटरवर, पठाराच्या टोकाला आहे. 1966 साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था इथलीच. सगळे तिला एनआयओ म्हणतात आणि पत्ता सांगताना तिचीच खूण देतात. त्यापलीकडे काबोच्या टोकावर राज्यपालांचे निवासस्थान. वायंगिणीची घळ, ला सिटाडेल कॉलनी, नागाळीची टेकडी या इथल्या श्रीमंत वस्त्या. शांतता खरी आहे, पण दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागते. पुष्कळ फ्लॅट वर्षाचे दहा महिने बंद असतात, मालक मुंबई-दिल्लीत किंवा लिस्बनमध्ये. संध्याकाळी जिन्यात कुणी भेटावे असे वाटणाऱ्यांनी रात्री आठ वाजता इमारतीसमोर उभे राहून किती खिडक्यांत दिवे लागले आहेत ते पाहावे.

गोवा विद्यापीठाच्या बाजूचे पठार तरुण कुटुंबांना सोयीचे. मोकळी जागा आहे, बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी रुग्णालय, जवळ आहे. तिथल्या श्यामाप्रसाद मुखर्जी इनडोअर स्टेडियमवर मोठा कार्यक्रम असला की तेवढी संध्याकाळ रस्ता तुंबतो.

आल्तिनो वेगळे, पणजीच्या डोक्यावरची टेकडी. बिशपचा वाडा, सरकारी बंगले, जुने वृक्ष. भाड्याची घरे तिथे फार क्वचित मिळतात. मिळाले तर फार विचार करू नका.

दुसरे काम: घर पाहायला जाल तेव्हा

घर पाहायला शक्यतो पावसात या. ऑक्टोबर ते मे इथले कुठलेही घर देखणे दिसते. पणजीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि दोनापावलाच्या पठारावर तो सरळ पडत नाही, नैर्ऋत्येचा वारा त्याला आडवा फेकतो. म्हणून घराचे तोंड कुठे आहे हा पहिला प्रश्न. समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला आणि नैर्ऋत्येला उघडणाऱ्या मोठ्या काचा जानेवारीत सुख देतात आणि जूनमध्ये त्यांच्या फटींतून पाणी आत येते. त्या बाजूच्या भिंतीवर हात फिरवा. रंगाचे पोपडे, पांढरे क्षार किंवा नुकताच मारलेला एकाच भिंतीचा नवा रंग दिसला तर कारण विचारा. इमारतीच्या गच्चीवर पत्र्याचे छप्पर आहे का तेही पाहा. दिसायला ते बरे नसेल, पण वरच्या मजल्याचे छत तेच वाचवते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. पणजी आणि तिसवाडी तालुक्याला पाणी येते ते फोंडा तालुक्यात खांडेपार नदीवरच्या ओपा प्रकल्पातून. लांबचा प्रवास आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कुर्टी-खांडेपारला जमीन खचून मुख्य जलवाहिनी फुटली, तेव्हा राजधानीचे नळ कित्येक दिवस कोरडे होते आणि टँकरपुढे रांगा लागल्या होत्या. रोजच्या व्यवहारातही पठारावर दाब कमी असतो. म्हणून चार गोष्टी विचारा: नळाला पाणी किती वाजता येते, जमिनीखालची टाकी किती लिटरची, पंप कोणाच्या मीटरवर, आणि टँकर मागवला तर पैसे कोण देतो. विहीर असलेली जुनी कॉलनी मिळाली तर तिला झुकते माप द्या. विहीर कितीही जुनी असो, एप्रिल-मेमध्ये तिचे मोल कळते.

तिसरे, वीज. पावसाळ्याच्या पहिल्या वादळात फांदी तारांवर पडते आणि दोन-चार तास दिवे जातात. इमारतीला जनरेटर असेल तर तो फक्त लिफ्टला आहे की घरातल्या दिव्यांनाही, हे स्पष्ट करून घ्या. घरून काम करणाऱ्यांनी इन्व्हर्टर घ्यावाच. वीज खात्याचा तक्रार क्रमांक 1912.

चौथे, खारे वारे. समुद्रापासून पहिल्या-दुसऱ्या रांगेत लोखंडी गज, बिजागऱ्या, एसीचे बाहेरचे यंत्र, स्कूटरची साखळी, सगळे गंजते. एसीची बाहेरची जाळी महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवून घेतली तर तो बराच जास्त टिकतो. गजांना मे महिन्यात रेड ऑक्साइड आणि वर रंग.

तिसरे काम: कागद

घर पणजी महापालिकेच्या हद्दीत येते की ताळगाव पंचायतीच्या, हे आधी ठरवून घ्या. या पट्ट्यात दोन्ही आहेत आणि रस्ता ओलांडला की हद्द बदलू शकते. कचरा कोण उचलणार, घरपट्टी कुठे, रहिवासी दाखला कोण देणार, मत कुठे टाकणार, सगळे यावर अवलंबून. घरमालकाकडे घरपट्टीची पावती मागा. तिच्यावर सगळे स्पष्ट छापलेले असते.

भाडेकरार बहुतेक अकरा महिन्यांचा, लीव्ह अँड लायसन्स पद्धतीचा होतो. त्यात तीन गोष्टी लिहून घ्याच. मालक परदेशात असेल तर सही करणाऱ्याकडे मुखत्यारपत्र आहे का, आणि त्याची प्रत करारासोबत जोडली आहे का. डिसेंबर-जानेवारीत घर पर्यटकांना देण्यासाठी रिकामे करायला सांगणार नाहीत ना. आणि पावसाने झालेली दुरुस्ती कोणाच्या खर्चाने. हे तिसरे वाक्य बहुतेक करारांत नसते आणि भांडणे त्यावरूनच होतात. माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाला सगळी अनामत त्यात गमवावी लागली.

करार झाला की भाडेकरू पडताळणीचा अर्ज पोलीस ठाण्यात द्यायचा. ही जबाबदारी घरमालकाची असली तरी पोच घेतलेली प्रत आपल्याकडे ठेवा, पुढे गॅसपासून बँकेपर्यंत तिचा उपयोग होतो. मतदारयादीतला पत्ता बदलायला फॉर्म 8 भरायचा. तो जरूर भरा. घर पंचायतीच्या हद्दीत असेल तर नाव यादीत आले की ग्रामसभेत बसता येते आणि पाण्याचा प्रश्न तिथे मांडता येतो. ग्रामसभा बहुधा रविवारी असतात आणि गोव्यात त्या जिवंत आहेत, लोक तासन् तास बोलतात.

महाराष्ट्राच्या नंबरची गाडी वर्षभराहून जास्त काळ इथे ठेवणार असाल तर तिची इथे नव्याने नोंदणी करावी लागते. मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र तिकडून निघण्याआधीच आणून ठेवले तर एक फेरी वाचते. पणजीचा नंबर जीए 07.

सरकारी सवलतींबद्दल गैरसमज नको. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचे, कार्ड पाच वर्षे गोव्यात राहिलेल्यांना मिळते. सरकारी नोकरीसाठी लागणारा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला मामलेदार देतात. गोमेकॉत 2018 पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क आहे. त्यामुळे आपला आरोग्य विमा चालू ठेवूनच या. खाजगी उपचारांसाठी दोनापावलालाच मणिपाल हॉस्पिटल आहे. रुग्णवाहिका 108.

चौथे काम: पहिला आठवडा

पहाटे आणि पुन्हा दुपारनंतर सायकलचा भोंगा ऐकू येईल, तो पोदेर, म्हणजे पाववाला. त्याच्याकडे पाव, उंडे, पोळी आणि कडक काकणे असतात. गोव्यातली पोळी म्हणजे कोंडा लावलेला, आत पोकळ असा भट्टीचा पाव, आपली चपाती नव्हे. एकदा त्याला थांबवून घर दाखवा आणि रोज किती हवे ते सांगा. वस्तीतला सगळ्यात खात्रीचा माणूस तो आहे. कामाला बाई हवी असो, नारळ काढायला पाडेली हवा असो, ज्याला विचारावे तो हाच.

भाजीसाठी रस्त्याकडेला फलोत्पादन महामंडळाचे गाडे आहेत, लोक त्यांना हॉर्टिकल्चरचे गाडे म्हणतात. दर ठरलेले आणि बाजारापेक्षा कमी. किराण्यासाठी गोवा बागायतदारची दुकाने. पण ताळगावच्या बायका टोपलीत घेऊन बसतात ती भाजी सोडू नका. ताळगावची वांगी मोठी, कमी बियांची, भाजली की लोण्यासारखी होतात. तांबडी भाजी त्याच मळ्यांतली. ज्या शेतांतून ती येते ती शेते तुमच्या बाल्कनीतून दिसतात आणि वर्षागणिक त्यांच्या कडेला नवी इमारत उभी राहते. ही वांगी खाऊन ज्याला आनंद झाला त्याला ही शेते टिकावीत असे वाटल्यावाचून राहणार नाही.

मासळी पणजी मार्केटात सकाळी घ्या. विसवण, बांगडे, सुंगटे, तिसऱ्या, शिनाणे. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै बंदी असते, त्या दोन महिन्यांत नदीची मासळी आणि सुके खारे यांवर भागवायचे. म्हणून मे महिन्यात इथे पुरुमेंत भरतात, म्हणजे पावसाळ्याची बेगमी: सुकी सुंगटे, मिरच्या, आमसुले, मीठ, उकडे तांदूळ. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताची, म्हणजे सणाची, फेरी (जत्रेचा बाजार) यासाठी प्रसिद्ध आहे, एक दिवस काढून जाच.

दुकाने दुपारी एकच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीन-चारला उघडतात. त्या वेळात कुणालाही फोन करू नये, दार वाजवू नये. सुताराला तर अजिबात नाही.

कचरा घरातच वेगळा करावा लागतो. ओला, सुका एवढ्यावर भागत नाही. महापालिकेच्या हद्दीतल्या कॉलन्यांत कागद, काच, प्लास्टिकचे प्रकार असे सोळा भागांपर्यंत वर्गीकरण चालते. आपल्या इमारतीतले खण कुठे आहेत ते पहिल्याच दिवशी पाहून घ्या.

येणे-जाणे

पणजी-मिरामार-दोनापावला बस दिवसभर असते आणि आता शहरातल्या मार्गांवर कदंब महामंडळाच्या विजेच्या बस आहेत. रात्री मात्र बसचा भरवसा नको. घाईत एकटे असाल तर पायलट करा. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, चालवणारा परवानाधारक. बसण्याआधी भाडे विचारायचे. ऍपवरच्या टॅक्सीसाठी गोवा माइल्स आहे. मुंबईत सवयीची झालेली ऍपे इथे उपयोगी पडत नाहीत.

विमानाचे तिकीट काढताना डोळे उघडे ठेवा. गोव्यात दोन विमानतळ आहेत: जीओआय म्हणजे झुआरीपलीकडचा दाबोळी, जीओएक्स म्हणजे 2023 च्या जानेवारीत सुरू झालेला पेडण्यातला मोपा. दोनापावलाहून दाबोळी जवळ, मोपा बराच लांब. रेल्वेचे जवळचे स्थानक करमळी. तिथे न थांबणाऱ्या गाड्यांसाठी थिवी किंवा मडगाव.

नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो तेव्हा कांपालचा रस्ता टाळा. कार्निव्हल आणि शिमगोत्सवाच्या मिरवणुकांच्या दिवशीही वर्तमानपत्रात वाहतुकीचे बदल पाहूनच बाहेर पडा.

शेजार

ख्रिस्ती शेजारी असतील तर पुरुषाला बाब आणि बाईला बाय म्हटले की चालते, हिंदू घरांत दादा, वहिनी, काकी. मराठी सगळ्यांना समजते. वयस्कर मंडळी उत्तर कोंकणीत देतील, तुम्ही मराठीतच बोला, दोघांचे नीट चालते. पण कोंकणी ही मराठीची बोली आहे, असे विधान चहाच्या टेबलावर करू नका. भाषेवरून इथे 1980 च्या दशकात रक्त सांडले आहे. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामकाजात मराठीलाही स्थान मिळाले. ती जखम घरोघरी आहे.

मराठी वाचणाऱ्याची इथे उपासमार होत नाही. गोमन्तक, नवप्रभा, तरुण भारत सकाळी दारात येतात. पाट्टोला कृष्णदास शामा राज्य ग्रंथालयात मराठी दालन आहे, मुलांना घेऊन जा. चार्ल्स कोरियांनी उभारलेल्या कला अकादमीत मराठी नाट्यस्पर्धा होतात आणि गावोगावच्या मंडळांचे प्रयोग पाहायला मिळतात. मुलांना मराठीतून शिकवायचे असेल तर पणजीत 1908 पासूनची मुष्टिफंड संस्था आहे. इंग्रजी माध्यमासाठी शारदा मंदिर आणि रोझरी जवळ पडतात. प्रवेशाची चौकशी घर ठरवण्याच्या आधी करा.

21 ऑगस्टला ताळगावात कोणसाचे फेस्त असते. नव्या भाताची कणसे कापून चर्चमध्ये नेतात. हा मान गावाला पोर्तुगीज काळापासून आहे. नव्याने आलेल्यांनी त्या दिवशी खाली गावात जावे, उभे राहावे, ओळखी कराव्यात. आमच्याकडच्या चतुर्थीला हेच शेजारी करंज्या खायला येतात.

मिरामारच्या किनाऱ्यावर रोज फिरा, पण पाण्यात शिरू नका. तिथे मांडवी समुद्राला मिळते, ओहोटीचा ओढ जबर असतो आणि वाळूचा तळ बदलत राहतो. ‘दृष्टी’ या संस्थेच्या जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल तर मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नये. पावसाळ्यात किनाऱ्याच्या खडकांवर फोटोसाठी चढणे त्याहून वाईट.

आणि घर विकतच घ्यायचे असेल तर

दोन पावसाळे भाड्याने काढल्याशिवाय घेऊ नका. मग घ्यायचेच ठरले तर महाराष्ट्रातला अनुभव बाजूला ठेवा. इथे सातबारा नाही. गावाच्या हद्दीत एक-चौदाचा उतारा, शहर सर्वेक्षणाच्या हद्दीत फॉर्म डी आणि त्यावर चलता नंबर व पी. टी. शीट नंबर, म्हणजे सर्वेक्षणातले मिळकतीचे आणि नकाशाचे क्रमांक. जुने दस्त पोर्तुगीजमध्ये असतात, त्यांचे भाषांतर करून वाचून घ्या.

त्याहून महत्त्वाचा इथला कौटुंबिक कायदा. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात अजून पायाशी आहे. वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून विकणाऱ्या नवऱ्यासोबत बायकोची सही हवीच. वडिलोपार्जित घर असेल तर सगळ्या वारसांच्या, त्यांच्या जोडीदारांसह. वारसांची वाटणी इन्व्हेंटरी प्रक्रियेने झाली आहे का, त्याचा आदेश मागा. एक भाऊ ब्राझीलला आहे, तो काही म्हणणार नाही, असे कुणी सांगितले तर व्यवहार तिथेच थांबवा.

जमीन कोमुनिदादची, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेची, नाही ना, तिच्यावर मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर पूर्वापार राहणाऱ्याचे, घर नाही ना, आराखड्यात ती शेती किंवा खाजन (बांध घालून राखलेली खाऱ्या पाण्याकडची सखल जमीन) म्हणून दाखवलेली नाही ना, हे तीनही पाहा. मुंडकाराला 1975 च्या कायद्याने संरक्षण आहे आणि ते रास्तच आहे, त्याची पिढी त्या जागेवर तुमच्या-माझ्या आधी होती. समुद्राकडच्या भूखंडांना 1991 पासूनचे किनारी नियम लागू आहेत, भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंत. नव्या इमारतीची रेरा नोंदणी आणि भोगवटा दाखला पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.

वकील तिसवाडीतलाच घ्या, पोर्तुगीज दस्त वाचणारा. विकणाऱ्याने सुचवलेला नको, आणि दलालाच्या ओळखीचाही नको. मूळ दस्त त्याच्या हातात पडले की निदान महिनाभर त्याला वाचू द्या.